पॅनेल घराचं, बॅटरी गल्लीची

कोल्हापुरात सध्या सोलरचं कोटेशन मागवलं, की तीन किलोवॉटला साधारण एक लाख ऐंशी हजार ते दोन लाखांचा आकडा येतो. त्यातून 'पीएम सूर्यघर'चं ७८ हजारांचं अनुदान वजा जातं आणि खिशातून लाख-सव्वा लाख घालावे लागतात. इथवर सगळं सरळ असतं. मग कोटेशन घेऊन आलेला माणूस दुसरा कागद पुढे करतो. "साहेब, बॅटरी पण घालूया की. लाईट गेली तरी घर चालू." त्या एका वाक्यापायी खिशातून जाणारी रक्कम दुपटीच्या पुढे जाते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पॅनेल जरूर घालावं. बॅटरी बहुतेक घरांनी आज घालू नये, आणि घरगुती बॅटरीलाही अनुदान द्या म्हणून जी मागणी अधूनमधून उठते, तिला सरकारने भीक घालू नये. साठवण लागणार आहे, भरपूर लागणार आहे; पण तिची जागा सबस्टेशनात, शाळेत, तालमीत आहे. जिन्याखाली प्रत्येकाची वेगळी बॅटरी, ही सगळ्यात महागडी वाट आहे आणि सार्वजनिक पैसा त्या वाटेला लावणं मला चुकीचं वाटतं.

पॅनेलच्या हिशेबात फारसा वाद नाही. आपल्याकडे एका किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. उन्हाळ्यात त्याहून बरे, जुलैत आभाळ बसलं की दीड-दोनवर येतात. तीन किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट होतात. राजारामपुरीत किंवा रुईकर कॉलनीत चौघांच्या घरी फ्रिज, गीझर, उन्हाळ्यात एसी धरून तीनशे युनिट सहज जळतात. महावितरणच्या दरात पहिल्या शंभर युनिटांना वहन आकारासह सहा रुपयांच्या आसपास पडतात, पुढच्या दोनशेंना अकराच्या वर. त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे बिल सव्वातीन-साडेतीन हजारांचं. पॅनेल बसलं की त्यातले तीन हजार वाचतात. घातलेली रक्कम तीन-साडेतीन वर्षांत निघते आणि पॅनेलच्या उत्पादनाची हमी सहसा २५ वर्षांची असते. मध्ये एक-दोनदा इन्व्हर्टर बदलावा लागेल, तो खर्च धरला तरी एवढा परतावा कुठल्या ठेवीवर मिळत नाही.

जाहिरातीत 'शून्य बिल' लिहिलेलं असतं, ते तेवढं सोडून द्यावं. स्थिर आकार राहतोच. कोटेशनमध्ये मी दोनच गोष्टी आधी बघतो. पहिली, पॅनेल डीसीआर आहे का, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं आहे का. नसेल तर अनुदान मिळत नाही. दुसरी, स्ट्रक्चर कशाचं आणि किती उंच. गच्चीवर पाण्याची टाकी, बंब, शेजारच्या इमारतीची सावली, हे सगळं सांभाळून एका किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळं ऊन लागतं. खर्चाची खरी चढउतार होते ती इथेच. सप्टेंबर २०२५ मध्ये पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचं कोटेशन कुणी पुढे करत असेल तर नवं मागून घ्यावं.

आता बॅटरी. दुकानात दोन जाती मिळतात. एक आपली जुनी ओळखीची, दीडशे एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर. भारनियमनाच्या वर्षांत घराघरांत ती आली आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणं हे थोरल्या मुलाचं काम झालं. तिची किंमत पंधरा हजारांच्या आगेमागे. कागदावर तिच्यात पावणेदोन युनिट मावतात, पण अर्ध्याच्या खाली वरचेवर उतरवली तर ती लवकर बसते. म्हणजे हाताशी लागतं एखादं युनिट, आणि चार-पाच वर्षांत नवी आणायची. दुसरी लिथियमची, एलएफपी म्हणतात ती. पाणी नको, वास नाही, नव्वद टक्क्यांपर्यंत उतरवता येते, दहा वर्षं चालते. पाच युनिटांच्या बॅटरीला आज लाख ते दीड लाख मोजावे लागतात, आणि साध्या इन्व्हर्टरऐवजी पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड घ्यावा लागतो त्याचे वरचे तीस-चाळीस हजार वेगळे.

सव्वा लाखाची पाच युनिटांची लिथियम बॅटरी धरा. रोज रात्री साडेचार युनिट काढले, दहा वर्षं काढले, मधली झीज वजा केली, तर जन्मभरात ती सुमारे पंधरा हजार युनिट साठवून परत देते. भागाकार केला की साठवणुकीचाच खर्च युनिटमागे आठ रुपयांच्या पुढे, हायब्रिड इन्व्हर्टर धरला तर दहाच्या वर. व्याज धरलेलं नाही, विजेची किंमत वेगळी. हा झाला उत्तम वापराचा आकडा. शहरातला माणूस बॅटरी घेतो ती लाईट गेल्यावर लागेल म्हणून. आठवड्याला दोन युनिट वापरली तर दहा वर्षांत हजार युनिट होतात, आणि एका युनिटची साठवण सव्वाशे रुपयांना पडते. सव्वाशे रुपयांना एक युनिट! हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

काहींना तरी ती घ्यावीच लागेल, हे मान्य आहे. ज्याच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू आहे, ज्याचा दवाखाना आहे, गगनबावड्याकडे किंवा चंदगडच्या आत जिथे पावसात तार तुटली की वायरमनला पोचायलाच वेळ लागतो, तिथे हिशेब रुपयांत करायचा नसतो. ताराबाई पार्कातल्या फ्लॅटला ही सबब लागू होत नाही.

मग ताराबाई पार्कातल्या माणसाची दिवसाची वीज रात्री येते कुठून? नेट मीटरिंगमधून. दुपारी जास्तीची झालेली वीज तारेवर जाते, मीटर ती जमा धरतो आणि रात्री तेवढीच परत मिळते. झीज नाही, पाणी घालणं नाही, दहा वर्षांनी बदलणं नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनी ही सोय पक्की केली. घरमालकाच्या बाजूने पाहिलं तर महावितरण ही त्याची फुकटची बॅटरी आहे, आणि बाजारातली कुठलीही बॅटरी फुकटाशी स्पर्धा करू शकत नाही.

पण फुकट कुणालाच काही मिळत नसतं. दुपारी एकला तारेवर सोडलेलं युनिट आणि संध्याकाळी आठला परत घेतलेलं युनिट, मीटरला दोन्ही सारखीच. महावितरणला सारखी नाहीत. दुपारी सौर वीज स्वस्त आणि मुबलक असते. शेतीच्या फीडरसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवलं आहे, ते जसजसं पुरं होईल तशी ती आणखी स्वस्त होणार. संध्याकाळी मात्र सगळ्या घरांचे दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम लागतात आणि त्या वेळेची वीज महावितरणला महाग पडते. हा फरक कुणीतरी भरतो. शिवाय तीनशे युनिट जाळणारं घर अकरा रुपयांच्या दराने जे पैसे भरत होतं, त्यातूनच शंभर युनिटांच्या आतल्या घराला सहाचा दर परवडत होता. ते मोठं घर पॅनेल लावून बाहेर पडलं, की तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर, वायरमनचा पगार यांचा भार उरलेल्यांवर येतो. उरलेले कोण? भाड्याने राहणारे, पेठांतल्या कौलारू घरांतले, चारमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असल्याने गच्चीवर हक्क सांगू न शकणारे.

पाकिस्तानात हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं. २०२४ या एका वर्षात तिथे १७ गिगावॉटच्या आसपास पॅनेल आयात झाली. वीज महाग, पॅनेल स्वस्त, ज्याच्याकडे पैसा त्याने गच्ची झाकून घेतली. सरकारी वीज घेणारे कमी झाले, खर्च तेवढाच राहिला, उरलेल्यांचा युनिटचा दर आणखी जड झाला, मग त्यांच्यातला पुढचा थर पॅनेलकडे वळला. कॅलिफोर्नियाने दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. एप्रिल २०२३ पासून तिथे नव्या ग्राहकाला तारेवर सोडलेल्या विजेचे आधीच्या जवळपास चौथाई पैसे मिळू लागले. तेव्हापासून तिथे बॅटरीशिवाय पॅनेल घेणं परवडेनासं झालं. म्हणजे घरगुती बॅटरीचं अर्थशास्त्र बॅटरीत नसतंच, ते नियामकाच्या एका आदेशात असतं.

हे महाराष्ट्रात होणार नाही असं समजू नये. वेळेनुसार दर आपल्याकडे घरापर्यंत आलेच आहेत: जुलै २०२५ पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर नोंदणारा, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत आहे. ग्राहकाच्या दृष्टीने चांगली गोष्ट. पण दुपारचं युनिट स्वस्त आणि रात्रीचं महाग हे एकदा मान्य झालं, की दुपारचं एक देऊन रात्रीचं एक घ्यायचं हा व्यवहार फार वर्षं टिकत नाही. विक्रेता २५ वर्षांचा तक्ता दाखवतो. त्या तक्त्यातली नेट मीटरिंगची ओळ पंचविसाव्या वर्षापर्यंत आज आहे तशीच असेल, असं लेखी कुणी देत नाही. माझ्या मते तीन किलोवॉटपर्यंतच्या घराला आयोगाने किमान दहा वर्षांची लेखी खात्री द्यावी, आणि दहा-दहा किलोवॉट लावणाऱ्या बंगल्यांकडून तार वापरल्याचे थोडे पैसे घ्यावेत. बंगलेवाल्यांना हे आवडणार नाही. पण फुकटची बॅटरी किती मोठी असावी याला काहीतरी हद्द हवी.

इथवरचा युक्तिवाद कुणी पुण्यात बसूनही केला असता. कोल्हापुरात त्याला एक जबरदस्त अडथळा आहे, तो म्हणजे पंचगंगेचा पूर.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ ची. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग पाण्यात होता. सबस्टेशनं पाण्यात गेली, जी वाचली तिथूनही पुरवठा तोडावा लागला, कारण पाण्यात उभ्या असलेल्या डीपीतून वीज सोडणं म्हणजे माणसं मारणं. शिंगणापूर आणि बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली आणि पूर दारात असताना शहराचे नळ कोरडे पडले. या सगळ्यात गच्चीवरचं सोलर काय करत होतं? काहीही नाही. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर तारेवर वीज असेल तरच चालतो. तार मेली की तो स्वतःहून बंद पडतो, आणि तसाच पडायला हवा. नाहीतर मेलेली समजून तारेला हात लावणारा वायरमन कुणाच्या तरी गच्चीवरच्या विजेने जाईल. पाऊस थांबून ऊन पडलं, गच्चीवर दोन लाखांची पॅनेलं चमकत होती आणि खाली मोबाईल चार्ज करायला वीज नव्हती, अशी वेळ येते ती यामुळे.

म्हणून "बॅटरी घाला" म्हणणाऱ्याचा सगळ्यात बळकट मुद्दा हा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मी फक्त विचारतो: पुरात बॅटरी कुणाच्या घरी असायला हवी? ज्याला परवडते तो बहुधा उंचावर राहतो, किंवा वरच्या मजल्यावर, किंवा गाडी काढून नातेवाइकांकडे जातो. त्याची बॅटरी त्या आठवड्यात कुलूपबंद घरात भरलेली पडून राहते. ज्याला पाणी लागतं तो सुतारवाड्यातला माणूस घर सोडून चित्रदुर्ग मठात जातो. त्याच्या घरी अनुदानाने बॅटरी दिली तरी ती तळमजल्यावर, म्हणजे पाण्याखाली. दोन्हीकडे खर्च वाया. पुरात वीज लागते ती माणसं जिथे एकत्र येतात तिथे. पाण्याचा पंप, औषधांचा फ्रिज, वॉकीटॉकी आणि फोन, रात्रीचे दिवे, लहान मुलांवर पंखा. शेकडो माणसांसाठी हे सगळं चालवणं एका खाजगी बॅटरीच्या आवाक्यातलं नाही.

राजर्षी शाहूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीला धरणाचं काम काढलं. तेवढाच पैसा शेतकऱ्यांना विहिरी खणायला वाटून दिला असता, तर ज्याच्या जमिनीखाली झरा त्याची विहीर भरली असती, बाकीच्यांना खड्डे मिळाले असते. साठवण मोठी केली की प्रत्येक थेंब स्वस्त पडतो, हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था याच शहाणपणावर उभ्या राहिल्या.

विजेच्या साठवणुकीत हा फरक आकड्यांतच दिसतो. सेकी या सौर वीज खरेदीच्या निविदा काढणाऱ्या केंद्रीय कंपनीच्या २०२२ मधल्या मोठ्या निविदेत बॅटरीचं भाडं एका मेगावॉटला महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये निघालं होतं. त्यानंतर तीन वर्षांत राज्यांच्या निविदांमधून ते सव्वादोन लाखांच्या आसपास आलं. अटी सगळीकडे सारख्या नाहीत आणि केंद्राच्या मदतीचाही त्यात हात आहे. तरी हिशेब करून बघा: दोन तासांची, म्हणजे मेगावॉटमागे दोन हजार युनिटांची, बॅटरी दिवसातून एकदा भरली-उतरवली तर साठवणूक युनिटला पावणेचार रुपयांना पडते, दोनदा केली तर दोनच्या आत. जिन्याखालच्या बॅटरीत तेच काम आठ-दहा रुपयांना होतं. सेल त्याच जातीचे. बदलतं ते बाकीचं: घाऊक खरेदी, रोजचा पुरेपूर वापर, देखभालीला पगारी माणूस. लिथियम बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव २०१० मध्ये किलोवॉट-तासाला, म्हणजे एका युनिटला, हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये ११५ डॉलर झाला. आपल्या दुकानातल्या घरगुती बॅटरीचा भाव त्याच्या कितीतरी वर का, याचं उत्तर पेटी, इलेक्ट्रॉनिक्स, १८ टक्के जीएसटी आणि मधल्या तीन हातांच्या कमिशनमध्ये सापडेल.

दिल्लीत किलोकरी इथल्या सबस्टेशनात बीएसईएस राजधानी या वीज वितरण कंपनीने २०२५ मध्ये २० मेगावॉट, ४० मेगावॉट-तासांची बॅटरी उभी केली. दुपारी भरते, संध्याकाळी त्या भागातल्या घरांकडे सोडते. ज्याच्या गच्चीवर पॅनेल आहे आणि ज्याला गच्चीच नाही, दोघांनाही ती सारखीच. कोल्हापुरात दोन-तीन सबस्टेशनांत, अर्थात पूररेषेच्या वर, अशी एकेक लहान बॅटरी बसली तर दुपारची गच्च्यांवरची वीज शहरातच साठेल, आणि नेट मीटरिंगचा जो बोजा आज आकडेमोडीत लपलेला आहे तो प्रत्यक्ष कमी होईल. गच्ची नसलेल्यांसाठी दिल्लीने २०१९ पासून व्हर्च्युअल नेट मीटरिंगही ठेवलं आहे: पॅनेल एका ठिकाणी, युनिटांची वाटणी अनेकांच्या बिलात. लक्ष्मीपुरीतल्या भाडेकरूला सोलरमध्ये शिरायची दुसरी वाट मला दिसत नाही.

राज्य सरकार एका बाबतीत योग्य दिशेने गेलं आहे, हेही सांगायला हवं. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी 'स्मार्ट' योजना आली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला ५० हजारांच्या एका किलोवॉटपैकी केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार मिळतात. घराला घालायचे उरतात अडीच हजार. अनुदान कुणाकडे वळवावं याचं हे उत्तर मला पटतं. मग बॅटरीच्या बाबतीत उलटं, म्हणजे ज्याच्याकडे आधीच दीड-दोन लाख आहेत त्यालाच आणखी तीस-चाळीस हजार देण्याचं धोरण कशासाठी? ऑस्ट्रेलियाने जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर सुमारे तीस टक्के सूट द्यायला सुरुवात केली, तिचा दाखला आपल्याकडे दिला जातो. तिथे दर तीन घरांत एका घरावर आधीच पॅनेल आहेत आणि दुपारच्या विजेचं करायचं काय हा प्रश्न रोजचा झाला आहे. शिवाय त्याच देशाने गल्लीच्या चारशे बॅटऱ्यांसाठी २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वेगळे ठेवले होते, तो अर्धा दाखला सोयीने गाळला जातो.

आता आक्षेप. "सहकार म्हणता, मुळा-प्रवराचं काय झालं?" बरोबर आहे. श्रीरामपूरच्या त्या वीज सहकारी संस्थेने चाळीसेक वर्षं वीज वाटली, थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये परवाना संपल्यावर कारभार महावितरणकडे गेला. सामायिक मालकी म्हणजे आपोआप चांगला कारभार असं कोल्हापूरचा माणूस तरी म्हणणार नाही. दूध संघापासून साखर कारखान्यापर्यंतच्या निवडणुका आपण बघितल्या आहेत. म्हणून मी वीज वाटणारी नवी संस्था मागत नाही. सबस्टेशनातली बॅटरी महावितरणने निविदा काढून भाड्याने घ्यावी, चालली नाही तर भाडं द्यायचं नाही. त्यात संचालक मंडळाला काही जागाच नाही.

दुसरा आक्षेप तालमीतल्या बॅटरीबद्दल येतो, आणि तो मला फार आवडतो: "गणपतीत डॉल्बीला जोडतील." जोडतीलही. दोन-तीन किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर डॉल्बी लावली तर तो आधी स्वतःच बंद पडेल, एवढं मंडळाला एकदा कळलं की पुरे. मस्करी सोडून सांगायचं तर, दोन्ही महापुरांत पाण्यात उतरली ती तालमींची आणि तरुण मंडळांचीच पोरं. नावा, जेवण, औषधं, सगळं त्यांनी पोचवलं. ज्यांच्यावर शहराने जीव सोपवला, त्यांच्यावर एका बॅटरीचा भरवसा ठेवायला हरकत नसावी.

पूर निवाऱ्याचा खर्च काही अवाढव्य नाही. माझा अंदाजी हिशेब असा. एका शाळेवर दहा किलोवॉटची पॅनेलं, साडेपाच-सहा लाख. वीस युनिटांची लिथियम बॅटरी, चार-पाच लाख. तार मेल्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि वायरिंग, दीड-दोन लाख. सगळं मिळून बारा-तेरा लाख. चाळीस एलईडी दिवे, कमी वीज खाणारे वीस पंखे, एक फ्रिज आणि शंभर फोन एवढा भार सांजेपासून सकाळपर्यंत त्यावर निघतो, आणि आभाळ गच्च असलं तरी दहा किलोवॉटमधून दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस युनिट परत येतात. उरलेले अकरा महिने तीच पॅनेलं शाळेचं बिल कमी करतात, त्यामुळे हा खर्च धूळ खात पडत नाही. बॅटरी आणि इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर, ही एकच अट निविदेत ठळक अक्षरांत हवी. एवढ्याच रकमेत घरगुती बॅटरीचं तीस हजारांचं अनुदान चाळीसेक घरांना देता आलं असतं, आणि ती चाळीस घरं बहुधा पूररेषेच्या बाहेरची असती.

पूररेषेलगतच्या ज्या ज्या शाळा, मठ, बोर्डिंग दर जुलैत निवारा म्हणून उघडले जातात, त्यांची यादी महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असतेच. पहिल्या वर्षी त्यातले दहा निवडले तर सव्वा कोटीच्या आसपास खर्च येतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून तो उचलणं अशक्य नाही. अंदाजपत्रकात फेब्रुवारीत तरतूद झाली आणि मार्चमध्ये निविदा निघाली, तर जूनच्या आत दहाही जागी काम उरकतं. मे महिन्यात फाईल हलली, तर इन्व्हर्टर बसायला दसरा उजाडेल.